खोटे मामा आणि फोटोचा खरा दर, यांचा मजकूर

श्रीसूर्यनारायण प्रसन्न. ज्या उजेडावाचून यंत्र आंधळे आणि ज्या सावलीवाचून मुखडा सपाट, त्या उभयतांस नमस्कार करोन हा मजकूर लिहिला. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, पौष मास. एक राज्य होते. त्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही, कां की जो वाचील त्यास ते आपलेच वाटेल. त्या राज्यात एक तालुक्याचा कसबा, आणि कसब्यात लग्नाचे फोटो काढणारे सरदार बहुत नांदत होते. हे कोणाचे चाकर नव्हते. यांस तनखा नाही, रजा नाही, पेन्शन नाही. ज्याने बोलाविले त्याची मोहीम करावी, आणि मोहीम सरली की पाठीस पिशवी मारोन आपल्या घरी यावे, आणि पुढले बोलावणे येई तो फोनकडे पाहात बसावे. आपणच राजे आणि आपणच हमाल, ऐसा यांचा कारभार. म्हणोन दर देखील ज्याचा त्यानेच ठरवायचा, आणि सर्व अनर्थ तेथोनच जाहला.

दर कैसा ठरे, ते ऐकावे. तो कोठे लिहिलेला नसे. यजमानाचा फोन आला आणि त्याणे "काय घेता?" म्हटले, की सरदार उत्तर देत नसत, उलट पुसत, "लग्न कुठं धरलंय?" आणि कार्यालयाचे नाव ऐकोन दर चढे किंवा उतरे, आणि लॉन म्हटले की आणिक चढे. मग सहज बोलल्यासारखे पुसत, "जेवायला काय ठेवलंय?" आणि पनीर निघाले तर चढे, मसालेभातावर थांबले तर दरही तेथेच थांबे. यजमान "फोटोवाले" म्हणाला तर एक दर, "फोटोग्राफर" म्हणाला तर दुसरा, आणि "तुमचं काम इन्स्टाग्रामवर पाहिलं हं, फार आवडलं" ऐसे म्हणाला तर तिसरा, आणि तो सर्वात मोठा. पत्रिका डब्यातून आली आणि डब्यात काजू निघाले, तर या लग्नास ड्रोन लागणार हे सरदार काजू खाता खाताच ठरवीत. परंतु हे सर्व वरवरचे. आत मनात दर एकाच गोष्टीवरोन ठरे, की शेजारचा काय घेतो. आणि शेजारचा काही केल्या सांगत नसे.

म्हणोन त्या राज्यात मामांची चाल पडली. लग्नात धावाधाव करावयाची आणि घासाघीस करावयाची ती मामाने, हा रिवाज सर्वांस ठाऊक. तर सरदारांणी आपापल्या बायकोचे भाऊ हाताशी धरिले, आणि त्यांस नवरीचे मामा करोन दुसऱ्या सरदारास फोन करावयास लाविले. "मी मुलीचा मामा बोलतोय, आमच्याकडं लग्न आहे, पूर्ण दिवसाचं काय घ्याल?" ऐसे पुसावे, आणि दर काढोन आणावा. प्रथम हे साधले. मग सर्वांसच कळो आले की सर्वच मामा पोसतात, आणि मग सरदार शहाणे जाहले, आणि मामा खोटा वाटला की त्यास मुद्दाम उतरता दर सांगो लागले, हेतू हा की शेजाऱ्याने घाबरावे, आपला दर मोडावा आणि उपाशी मरावे. तेणेकरोन प्रत्येक जण दुसऱ्यास मारीत होता आणि आपणच मरत होता, परंतु हे त्या समयी कोणास उमगले नाही. पौषात तर मुहूर्त नसतात, मोहिमा बंद, सर्व सरदार रिकामे. म्हणोन पौषात मामांचे फोन सर्वांहून अधिक.

या सरदारांत भानुदासराव खटावकर थोर. वय पन्नाशीकडे झुकलेले, उजवा खांदा पिशवीच्या ओझ्याने किंचित खाली उतरलेला, आणि नजर अशी संशयी की फुकट चहा आला तरी आधी कपात डोकावोन पाहात. यांच्या पत्नी सुमनबाई, शिलाईकाम करीत, बोलावयास रोखठोक. भानुदासरावांचे जुने जोडीदार लतीफमिया तांबोळी. पूर्वी उभयतांची जोडी राज्यात गाजत असे. लतीफमियांणी व्हिडिओ धरावा आणि भानुदासरावांणी फोटो काढावे, आणि दोघांणीही एका दिवसाचे अठरा अठरा हजार घ्यावे, आणि परत येताना एकाच मोटारसायकलीवर बसोन भजी खावी, ऐसा स्नेह. मग एका मोसमात एका धनवान यजमानाने भानुदासरावांस म्हटले, "तुमचा जोडीदार तर चौदात दोन्ही करतो म्हणाला," आणि ते यांच्या काळजात शिरले, आणि यांणी लतीफमियांस काही एक न पुसता फोन घेणे बंद केले. लतीफमियाही यांच्या दारावरोन मान फिरवोन जावो लागले. मग दोघेही एकटेच फोटो आणि व्हिडिओ दोन्ही करो लागले, आणि लतीफमियांणी आपले मेहुणे अमीन यांस मामा केले, आणि भानुदासरावांणी सुमनबाईंचे भाऊ दिगंबर यांस. ऐसी कैक वर्षे गेली.

तर पौषात एके सकाळी भानुदासराव ओट्यावर उन्हात बसोन लेन्स पुसत होते, तो फोन वाजला, आणि आवाज ऐकताच यांणी ओळखिले की हे अमीन मामा, ज्यांणी आजवर कधी नवले मामा होवोन, कधी सोनटक्के मामा होवोन यांचा दर काढावयास पाहिले होते. परंतु आज वेगळेच. "भानुकाका, मी अमीन बोलतोय. लतीफभाईंचा मेहुणा. आसमाचं लग्न ठरलंय, येत्या रविवारी. फोटो तुम्हीच काढायचे म्हणतायत घरी. तुमचा काय दर असेल तो सांगा, देऊ." हे ऐकोन भानुदासरावांचे डोळे बारीक जाहले. मनात म्हणो लागले की आजवर जासूद खोटे नाव घेवोन येत होता, आज खरे नाव घेवोन आला, म्हणजे डाव मोठा आहे. आणि पौष पाहोन आला, म्हणजे लतीफ्या अगदीच रिकामा आहे. आणि पोरीचे नाव मध्ये घातले, म्हणजे याला लाजही राहिली नाही. मग बोलिले, "अभिनंदन मामा! गेल्या मोसमात किती भाच्या उजवल्यात तुम्ही? एकीचं तरी जेवण दिलंत का मला?" अमीन म्हणाले, "काका, या वेळी खरंच..." तो भानुदासराव म्हणाले, "दर वेळी खरंच असतं. घ्या, लिहून घ्या. चार हजार. अल्बमसकट. आणि लतीफ्याला सांगा, म्हणावं आता याच्या खाली उतरून दाखव." मग अमीन हळूच म्हणाले, "सांगतो," आणि फोन ठेविला.

भानुदासरावांस बहुत आनंद जाहला. जेवताना सुमनबाईंस सर्व हकीकत हातवारे करोन सांगितली आणि आणिक एक भाकरी मागोन घेतली. सुमनबाई म्हणाल्या, "आसमा म्हणजे ती आपली आसमा? फ्लॅशला डोळे मिटायची ती?" भानुदासराव म्हणाले, "तीच. तिचं नाव वापरलं बघ, बाप असून." बाई म्हणाल्या, "आणि तो शेवटी नुसतं 'सांगतो' म्हणाला? हसला नाही?" हे म्हणाले, "हसेल कसा? पकडला गेला ना." बाई म्हणाल्या, "अहो, पकडलेला माणूस फोन आपटतो, नाहीतर दात काढतो. सांगतो म्हणत नाही." परंतु सरदार जिंकलेल्या दिवशी बायकोचे ऐकत नाहीत, त्याप्रमाणे यांणी ताक पिऊन विषय संपविला.

मग दोन दिवसांणी सुमनबाई पेठेत अस्तराचे कापड आणावयास गेल्या, तो बांगडीवाल्याच्या दुकानात लतीफमियांच्या पत्नी झुबेदाबी आणि लेक आसमा बसलेल्या, आणि आसमाच्या हाताचे माप चालले, आणि बाकावर जरीच्या कापडाचे गाठोडे. सुमनबाई चप्पल काढोन आत शिरल्या. जवळ गेल्या आणि म्हणाल्या, "झुबेदाभाभी, पोरीचं खरंच लग्न?" झुबेदाबींणी प्रथम पाहिलेच नाही. मग म्हणाल्या, "खोटी लग्नं तुमच्या घरात होतात, वहिनी. चार हजारात." आसमा म्हणाली, "अम्मी, असू दे ना." झुबेदाबी म्हणाल्या, "काय असू दे? तुझा बाप कधी कुणाच्या पाया पडला नाही. त्या अमीनला म्हणाला, जा, विचार, जो दर म्हणेल तो दे, घासाघीस करू नको, भान्याच पाहिजे. या पोरीचा एक फोटो तिच्या बापाला उघड्या डोळ्यांचा काढता आला नाही, वहिनी, सगळ्या फोटोत झोपलेली. तुमच्या माणसाला जमायचं. आधी रिकामा फ्लॅश मारायचे, ही डोळे मिटून हसायची, आणि मग खिडकीच्या उजेडात पटकन काढायचे. तेवढंच पाहिजे होतं आमच्या माणसाला. तर चार हजार सांगितले, वर टोमणा." अस्तर घ्यावयाचे राहिले, आणि बाई तैशाच माघारी आल्या.

घरी येवोन चप्पल न काढताच म्हणाल्या, "उठा. लग्न खरं आहे." भानुदासराव म्हणाले, "कशावरून?" बाई म्हणाल्या, "पोरीच्या हातात बांगड्या भरतायत. आणि त्यांच्यात पौष कुठं पाळतात?" भानुदासराव म्हणाले, "बांगड्या काय, कोणीही भरतं. तुला दाखवायला भरल्या असतील." बाई यांजकडे ऐशा पाहो लागल्या की सरदारांस आपलेच शब्द आपल्याच कानात परत ऐको आले. मग बाई म्हणाल्या, "तुम्हाला दाखवायला आता कोणी लग्नं लावतंय होय? एवढे मोठे लागून गेलात?" हे खाली पाहोन बसले. मग म्हणाले, "तो मला दारात उभा करणार नाही, सुमन." बाई म्हणाल्या, "नको करू दे. तुम्ही उभे राहा." आणि बाई स्वतः बरोबर निघाल्या, कां की एकटे धाडिले तर हे वळणावरोन परत येतील ऐसा त्यांसही संशय होता.

लतीफमियांच्या दारी मांडवाचे बांबू पडले होते, आणि स्वतः लतीफमिया बनियनवर उभे राहोन मांडववाल्यास उजेड कोणीकडून येतो ते समजावीत होते. भानुदासरावांस पाहोन म्हणाले, "काय, दर बघायला आलास? बांबूचा वेगळा, कापडाचा वेगळा. लिहून घे." भानुदासराव म्हणाले, "लतीफ, मला खरं वाटलं नाही रे." लतीफमिया म्हणाले, "तुला कधी काय खरं वाटलंय? वहिनी, तुम्ही आत जा, झुबेदा आहे. याचं माझं काही नाही. मी शहरातून माणूस ठरवलाय." आणि येथे भानुदासरावांकडोन जी चूक जाहली ती अन्य कोणा मनुष्याकडोन जाहली नसती. क्षमा मागावयास आलेला मनुष्य, डोळ्यात पाणी, आणि तोंडातोन निघाले, "कितीला?"

मग काय पुसता! लतीफमिया ओरडिले, "बघा! बघा वहिनी! पोरीचं लग्न, आणि हा दर काढायला आला! मामा धाडायचा सोडून आज स्वतः मामा झाला!" मांडववाले बांबू धरोन उभे राहिले आणि आतोन बायका डोकावो लागल्या. भानुदासराव म्हणाले, "तोंडातनं गेलं रे," आणि लतीफमिया म्हणाले, "तुझ्या तोंडातनं दुसरं काय जाणार?" सुमनबाईंणी कपाळास हात लाविला. भानुदासराव फिरोन निघाले देखील, आणि जर ते फाटकाबाहेर पडते तर हा मजकूर येथेच सरता, आणि दोघे वेगवेगळेच म्हातारे जाहले असते. परंतु फाटकाशी थांबले. मग त्या राज्यात आजवर कोणा सरदाराने कोणा सरदारापुढे केले नाही ते यांणी केले. किल्ल्याची किल्ली ठेवावी तैसे हळूच बोलिले, "अकरा हजार."

लतीफमिया म्हणाले, "काय अकरा?" हे म्हणाले, "माझा दर. खरा. दिवसाचा. फोटो, व्हिडिओ, अल्बम, सगळं. आपल्या धंद्यात कोणाला माहीत नाही." लतीफमिया फाटकापाशी आले. मग म्हणाले, "खोटं. हे तरी खरं कशावरून?" भानुदासराव म्हणाले, "फोनवर खोटं कमी सांगतात, पण चारचौघांत खोटं सांगायचं असतं तर जास्त सांगितलं असतं, लतीफ. माणूस लाज वाटेल एवढं कमी उगीच कशाला सांगेल, तेही मांडववाल्यांसमोर?" हे लतीफमियांस पटले, कां की पुढे बोलिले ते आवाज उतरवोन बोलिले. "अकरा? अरे, मग मी दहावर का आलोय?" भानुदासराव म्हणाले, "तू दहा घेतोस? दिगंबरला तू नऊ सांगितलेस म्हणून तर मी अकरावर उतरलो! माझ्या कॅमेऱ्याचं शटर दुरुस्त करायचं राहिलंय त्यात." लतीफमिया म्हणाले, "आणि तू अमीनला आठ सांगितलेस म्हणून मी दहा!" हे म्हणाले, "ते आठ खोटे होते." ते म्हणाले, "माझे नऊही खोटे होते." मग लतीफमिया एका बांबूवर बसले आणि म्हणाले, "आणि त्या चौदाचं काय? तू त्या शेठला म्हणालास ना, मी एकटाच चौदात दोन्ही करतो?" भानुदासराव म्हणाले, "मी? मला तर तो म्हणाला, तू म्हणालास." सुमनबाई आणि झुबेदाबी दारात उभ्या होत्या, त्या एकमेकींकडे पाहोन एकदम म्हणाल्या, "मेला!" आणि दोघांस दोन सांगोन जोडी फोडणाऱ्या त्या शेठास हा शाप, हे सर्वांस समजले.

मग लतीफमियांणी तेथेच शहरवाल्यास फोन लावोन नको म्हणोन सांगितले, आणि फिरोन म्हणाले, "रविवारी सकाळी सातला ये. पण अकराने नाही." भानुदासराव म्हणाले, "पैशाचं बोलू नको, पोरगी माझी पण आहे." लतीफमिया म्हणाले, "गप. अठरा घ्यायचे. आपला जुना दर. आणि लोकांसमोर घ्यायचे." भानुदासरावांचे डोळे पुन्हा बारीक जाहले. म्हणाले, "का वाढवतोस? यात डाव काय?" लतीफमिया म्हणाले, "डाव हाच. जेवणाच्या पंगतीत मी तुला अठरा मोजून देणार. निम्मा कसबा जेवायला असेल. संध्याकाळपर्यंत गावभर होईल, भान्या अठरा घेतो, आणि लतीफ स्वतः फोटोवाला असून त्याला अठरा देतो, म्हणजे तेवढे लागतच असणार. मग माघात मला कोणी फोन केला तर मी काय सांगेन?" भानुदासराव म्हणाले, "अठरा." मग अर्धवट हसोन म्हणाले, "आणि तू खरंच तेवढेच सांगशील कशावरून?" लतीफमिया म्हणाले, "कशावरून नाही. माघात कळेल." येवढ्यावर तह जाहला.

मग रविवारी लग्न जाहले. भानुदासरावांणी पहाटेच दाढी करोन इस्त्रीचा शर्ट घातला, आणि आसमास खिडकीपाशी बसवोन रिकामा फ्लॅश मारिला, आणि ती डोळे मिटोन हसली, आणि मग जे फोटो निघाले ते झुबेदाबींणी यंत्राच्या मागच्या पडद्यावर पाहिले आणि पदर डोळ्यास लाविला. अमीन मामा नवा कुडता घालोन मांडवभर फिरत होते, आणि जो भेटे त्यास आपण मुलीचे मामा ऐसे सांगत होते, आणि कसब्यातले बाकीचे सरदार जे जेवावयास आले होते ते त्यांजकडे संशयाने पाहात होते. लतीफमिया वधूपिता, त्यांणी शेरवानी घालोन शांत बसावे, परंतु ते घडीघडी उठोन भानुदासरावांस म्हणत, "इकडून घे, मागून ऊन येतंय," आणि भानुदासराव म्हणत, "यजमान, बसून घ्या, नाहीतर एकोणीस लागतील." पंगतीत लतीफमियांणी मोठ्याने मोजोन अठरा हजार दिले, आणि पंगतीतल्या यजमानांचे घास हातातच राहिले.

मग आसमा निघाली. मोटारीपाशी तिने बापाच्या गळ्यात हात टाकिले, आणि लतीफमिया, ज्यांणी दुसऱ्यांच्या लेकी निघताना व्हिडिओ धरोन एक थेंबही पाडला नव्हता, ते हमसून हमसून रडो लागले. भानुदासराव दोन पावले पुढे होवोन फोटो काढत होते, आणि त्यांच्या स्वतःच्या नाकातोन पाणी येत होते, तरी यंत्र हालू दिले नाही. लतीफमियांणी हात आडवा धरिला आणि म्हणाले, "भान्या, माझा रडका काढू नको रे." भानुदासराव म्हणाले, "काढणार. अठरा दिलेस ना? रडणं त्यातच आलं." तेव्हां लतीफमिया रडता रडताच हसले, आणि तोही फोटो निघाला.

येणेप्रमाणे त्या कसब्यात लग्नाच्या फोटोचा दर अठरा जाहला. यजमान म्हणतात की खटावकर आणि तांबोळी आतून मिळालेले आहेत, आणि ते खरेच आहे. बाकीचे सरदार म्हणतात की सांगावयाचे अठरा आणि घ्यावयाचे काही निराळे, आणि त्याचा छडा लावावयास माघातही मामा सुटले. परंतु ज्याणे ज्याणे फोन केला त्यास दोन्ही घरांतोन एकच उत्तर मिळाले, म्हणोन त्यांचा संशय आणिक वाढला. दर मात्र उतरला नाही. इतके लिहोन लेखणी खाली ठेविली.